झाकलेल्या कामाचा जाब

माणसाच्या कामाचे मोल आपण बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या भागावरून ठरवतो. भिंतीचा गिलावा दिसतो, आतली वीट दिसत नाही. कोटाचे कापड दिसते, अस्तराखालची शिवण दिसत नाही. त्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो: जे काम कोणी पाहणार नाही, जे झाकणाखाली कायमचे दडून राहणार आहे, ते उत्तम करण्याचे बंधन आपल्यावर नेमके कोणाच्या वतीने येते? हा प्रश्न मोठमोठ्या उदाहरणांनी मांडण्यापेक्षा एका अगदी लहान यांत्रिक भागाच्या आधाराने तपासून पाहू या. हा भाग म्हणजे ट्रकच्या इंजिनातील ऑइलचा दाब आवरणारी झडप.

पुण्याहून सूसमार्गे नांदे गावाकडे जाणाऱ्यास मुळशी तालुक्याचे बदललेले रूप वाटेतच दिसते. हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाची नगरी उभी राहिली आणि भोवतालच्या भातशेतीच्या गावांतून खडी, विटा, सिमेंट व लोखंड वाहणाऱ्या वाहनांची रीघ लागली. आपल्या देशात ट्रकमालक म्हटला की तो धनाढ्यच असतो असे नाही. एकच ट्रक, त्यावर कर्जाचा हप्ता आणि त्याच ट्रकवर घरची चूल, अशी अनेक कुटुंबे आहेत. ट्रक एक दिवस उभा राहिला तर त्या दिवसाचे भाडे बुडते. गॅरेजमध्ये चार दिवस राहिला तर हप्त्याची तारीख डोळ्यांसमोर नाचू लागते. म्हणून असा मालक हाती पाना घेऊन अंगणातच दुरुस्तीला बसतो. त्यात लाजण्याजोगे काही नाही. कष्टाची विद्या अंगी असणे हा मोठेपणाच आहे.

आता त्या झडपेविषयी. इंजिनाच्या तळाशी ऑइलचे चेंबर असते. पंप तेथून ऑइल ओढतो आणि फिल्टरमधून गाळून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये ऑइलचा पातळ पडदा सतत राहावा लागतो, आणि तो पडदा दाबाच्या आधारावर टिकतो. इंजिनाची गती वाढली की पंपही अधिक ऑइल लोटतो. दाब मर्यादेबाहेर गेला तर फिल्टर आणि पॅकिंगे फुटतील. म्हणून वाटेवर एक दट्ट्या आणि त्यामागे एक स्प्रिंग बसवलेली असते. दाब वाढला की दट्ट्या मागे सरकतो आणि जास्तीचे ऑइल परत जाते. दट्ट्या कचऱ्याने उघडाच अडकला किंवा स्प्रिंग थकली, तर ऑइल बेअरिंगपर्यंत पुरेसे न पोचता मधूनच परतते. मग चालकासमोरचा काटा खाली येतो व लाल दिवा लागतो.

टाटांच्या अनेक ट्रकांत बसलेल्या कमिन्सच्या सहा सिलिंडरच्या ५.९ लिटर इंजिनात ही झडप फिल्टरच्या डोक्यापाशी, बाहेरून हात पोचेल अशी असते. बूच काढावे, स्प्रिंग व दट्ट्या बाहेर घ्यावा, घर स्वच्छ पुसावे, दट्ट्या बोटाच्या दाबाने अडखळल्याविना सरकतो का ते पाहावे, नवा भाग बसवून बूच योग्य ताकदीने आवळावे. काही इंजिनांत मात्र ती पंपापाशीच असते आणि त्यासाठी चेंबर उतरवावे लागते. कमिन्सच्या त्या इंजिनात गरम असताना मंद गतीवर निदान १० पौंड आणि पूर्ण गतीवर निदान ३० पौंड दाब असावा अशी मर्यादा आहे. काम फार अवघड नाही. सवयीचा हात ते एका सकाळी उरकू शकतो.

परंतु नीतीचा प्रश्न झडप बसवल्यानंतर उभा राहतो. समजा, नवी झडप बसली, इंजिन सुरू झाले, काटा वर आला. मालकाला समाधान वाटले. मात्र अर्ध्या तासाने ऑइल तापल्यावर मंद गतीवर काटा पुन्हा घसरून मर्यादेच्या कडेला येऊन थांबला. जाणकाराला याचा अर्थ कळतो. मंद गतीवर झडप मिटलेलीच असते, तेव्हा दोष केवळ तिच्यात नव्हता. बेअरिंगे झिजली असावीत किंवा पंप थकला असावा. ते काम मोठ्या खर्चाचे आहे. आणि ही गोष्ट या घडीला त्या एकट्या माणसालाच ठाऊक आहे.

येथे पळवाटा पुष्कळ आहेत. दिव्याची तार सोडून ठेवता येते. घट्ट जातीचे ऑइल भरून काटा काही दिवस वर राखता येतो. स्प्रिंगमागे एखादा वॉशर घालून गतीवर असतानाचा दाब फुगवता येतो. या साऱ्या उपायांत एक समान गोष्ट आहे: इंजिन होते तसेच राहते आणि इंजिनाविषयीची बातमी तेवढी बदलते. झिजलेल्या बेअरिंगला दिव्याची तार तोडल्याची वार्ता नसते. ते आपल्या गतीने झिजतच जाते.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोटरसायकलविषयीच्या विख्यात पुस्तकात असाच अनुभव नोंदवला आहे. त्यांचे इंजिन जाम झाले. दुकानातील मिस्त्रींनी ते वारंवार खोलले, हातोडे मारले, नवे नुकसानही केले. पण मूळ कारण शोधले नाही. अखेर दोष निघाला तो ऑइल पुरवणाऱ्या यंत्रणेतील पंचवीस सेंटांच्या एका तुटलेल्या पिनेत. पर्सिग यांना त्या मिस्त्रींच्या अज्ञानापेक्षा त्यांची बेफिकिरी अधिक खुपली. आपण करतो ते काम आपले नाहीच, अशा तटस्थपणे ते वावरत होते. पगारी मिस्त्रीची ही बेफिकिरी आपल्याला चटकन दिसते. घरी काम करणाऱ्या मालकाला तर दुहेरी जपावे लागते, कारण तेथे कामगार तोच, तपासनीसही तोच, आणि त्याच्या चुकीकडे बोट दाखवणारा तिसरा कोणी नसतो.

घरच्या दुरुस्तीला म्हणूनच काही अटी आहेत. केवळ जॅकच्या भरवशावर ट्रकखाली शिरू नये. भक्कम ठोकळे लावावेत, कारण त्या देहावर घरच्या माणसांचाही हक्क आहे. मीटरच्या काट्यावर विसंबून न राहता दाबाचे स्वतंत्र घड्याळ जोडून खात्री करावी. आपल्या समजेबाहेरचे लक्षण दिसले तर जाणत्याला विचारावे. आणि काढलेले ऑइल ओढ्यात वा गटारात ओतू नये. अशा इंजिनातून एका वेळी १४ ते १५ लिटर काळे ऑइल निघते. मुळशी तालुक्यातले ओढे मुळा नदीला मिळतात आणि मुळा पुण्यात शिरते. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते व ते अधिकृत पुनर्प्रक्रियेकडेच जायला हवे. अंगण आपले असले तरी त्यातून वाहणारे पाणी आपल्या मालकीचे नाही.

आता तोच ट्रक विकायला काढला, असे समजू या. ग्राहक येतो, रंग पाहतो, टायर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, काटा वर असल्याचे पाहतो. त्याने विचारलेच नाही तर आपण सांगावे काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात या प्रश्नाचा स्वतंत्र विचार केला आहे. उघड दोष, जसे घोड्याचा एक डोळा नसणे, विक्रेत्याने तोंडाने सांगितलाच पाहिजे असे नाही. किंमत मात्र त्या मानाने कमी असावी. पण लंगडा घोडा वेगवान म्हणून, कोसळू पाहणारे घर मजबूत म्हणून किंवा कुजलेले अन्न चांगले म्हणून विकणे, दोष गुप्त ठेवून धोका पत्करायला लावणे, हे अन्यायाचे व कपटाचे आहे. त्यांनी केलेला भेद मोलाचा आहे. काही दोषांनी खरेदीदाराचे पैसे बुडतात, तर काही दोषांनी वस्तू वापरणेच घातक होते.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, ‘बाजारात सगळेच असे करतात. घेणाराही काही कमी नसतो. आणि गरिबाने खरे बोलून ट्रक पडत्या भावात द्यायचा, तर मुलांच्या फीचे काय?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गरिबीत खरे बोलण्याची किंमत श्रीमंतीपेक्षा कितीतरी जड असते, आणि पोटभर जेवलेल्याने उपाशी माणसाला नीती शिकवणे शोभत नाही. तरीही या हिशेबात एक माणूस राहून गेला आहे. देणाराघेणारा दोघेही एकमेकांना जोखून बसलेले असतील; पण उद्या ताम्हिणीचा घाट उतरणाऱ्या पगारी चालकाने कोणताही सौदा केलेला नाही. उतारावर इंजिन जाम झाले की इंजिनाचा रोध जातो, स्टेअरिंग जड होते आणि एअर ब्रेकची टाकी भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. वळणावर समोरून येणारी एस.टी. आणि तिच्यातली माणसेही त्या सौद्यात नव्हती. ज्यांना किंमत विचारलीच नाही, त्यांच्या जिवावर सूट घेण्याचा हक्क गरिबीतूनही निर्माण होत नाही. गरिबीतून हक्क निर्माण होतो तो मदतीचा: पतपेढीने हप्त्याला मुदत द्यावी, भाऊबंदांनी हात द्यावा, ओळखीच्या मिस्त्रीने मजुरी थांबवून घ्यावी. शेजाऱ्याने खरे बोलावे अशी अपेक्षा करणाऱ्या समाजाने त्या खरेपणाचा काही भार स्वतःही उचलला पाहिजे.

आर.टी.ओ.चे पासिंग आवश्यक आहे. पण ब्रेक, दिवे, धूर तपासणाऱ्या अधिकाऱ्याला बेअरिंगची झीज दिसत नाही. खंडेनवमीला महाराष्ट्रात हत्यारांची व वाहनांची पूजा होते. आपणही नव्या वाहनावर धर्मगुरूंकडून आशीर्वाद मागतो, संत क्रिस्तोफरचे पदक समोर लावतो. या प्रथा सुंदर आहेत, मात्र वाहनातले जे आपल्याला ठाऊक आहे त्याच्याविषयीची जबाबदारी त्या उतरवून घेत नाहीत. आशीर्वाद मागणाऱ्या हातांनीच दिव्याची तार सोडलेली असू नये.

मग प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? झाकलेले काम नीट करण्याचे बंधन आपल्यावर येते ते त्या झाकणावर विश्वास टाकून जगणाऱ्यांच्या वतीने. ते आपल्याला ओळखत नाहीत, आपणही त्यांना ओळखत नाही. सद्सद्विवेकबुद्धीची टोचणी हीच त्यांची एकमेव वकील, आणि तिचीही तार सोडता येते, हे आपण सारेच जाणतो. म्हणून आपल्या घरी तरुण मुलगा पाना हाती घेऊन शिकत असेल तर त्याला बूच आवळण्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकवावी. झडप बदलल्यावर इंजिन चांगले तापू द्यावे, मग काटा पाहावा, आणि जे दिसेल ते पुढच्या माणसाला जसेच्या तसे सांगावे.