थांब

घरी रॉटवायलर आहे म्हटलं की पुण्यात लोक विचारतात, "कुठल्या केनेलचा?" वसमतजवळच्या आमच्या गावात विचारतात, "चावतो का?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पण हा करतो काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. जर्मनीतल्या रॉटवाइल गावात या कुत्र्यांचे पूर्वज खाटकांची गुरं हाकायचे, मालाच्या गाड्या ओढायचे. आमच्याकडे हळद ट्रॅक्टरने बाजारात जाते आणि दोन म्हशींना आईचा आवाज पुरतो. म्हणजे अंगात बळ भरपूर आणि हाताला काम नाही. लॅपटॉप घेऊन घरी बसलेल्या माझ्यासारखाच, असं अण्णांचं मत.

माझा रूममेट परदेशी गेला, म्हणून तीन महिन्यांचं हे पिल्लू माझ्याकडे आलं. नाव ब्रूनो. आजीने पहिल्याच दिवशी त्याला काळ्या म्हटलं आणि तो तिकडेच वळला. तेव्हापासून काळ्या.

घरात मुतू नये हे शिकवायची रीत मी वाचून ठेवली होती. पिल्लू झोपून उठलं, जेवलं किंवा खेळून थांबलं की लगेच बाहेर न्यायचं, रोज एकाच जागी. तिथे केलं की त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. दोन मिनिटांनी दिला तर खाऊ कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. घरात केलं तर गुपचूप पुसून घ्यायचं, वास राहू द्यायचा नाही, कारण वासावरून तो परत तिथेच येतो. मला वाटलं, सोपा प्रोग्रॅम आहे, आठवड्यात होईल.

एका दुपारी मी कॉलवर होतो. काळ्या उठला, दाराशी जाऊन आला, माझ्याकडे बघितलं आणि आजीच्या खाटेखाली मोकळा झाला. कुणीतरी सांगितलं होतं, नाक त्यात घासायचं म्हणजे जन्मभर लक्षात राहतं. मी म्यूट केलं, त्याचं नाक फरशीवर घासलं, वर एक चापट मारली आणि कॉलवर परत आलो. चूक माझी होती. तो दाराशी जाऊन सांगून आला होता.

पुढचे चार दिवस फरशी कोरडी. पाचव्या दिवशी हळदीच्या पोत्यांमागून वास आला. साहेब तिकडे जात होते. त्याहून वाईट म्हणजे बाहेर नेलं तरी तो माझ्यासमोर करेना. अर्धा अर्धा तास धरून ठेवायचा आणि घरात आला की पोत्यांमागे. घरात करू नये हे तो शिकलाच नव्हता. तो शिकला होता, याच्यासमोर करू नये. त्याच्याकडे जेवढा डेटा होता, त्यावरून हा निष्कर्ष अगदी बरोबर होता.

हे मला फार ओळखीचं वाटलं. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझे दोन बॅक लागले होते. अण्णांना मी ते दीड वर्ष सांगितलं नाही. अण्णांनी कधी हात उगारला नाही, नुसता आवाज. गावात मला आज्ञाधारक मुलगा म्हणत आणि मीही म्हणवून घेत होतो. पुढे नोकरीत एक ओरडणारा मॅनेजर मिळाला. त्याच्या डॅशबोर्डवर सगळं कायम हिरवं असायचं. आम्ही बग पोत्यांमागे ठेवायचो.

मग शिकवूच नये का? एक मैत्रीण म्हणते, आज्ञा शिकवणं म्हणजे गुलाम करणं. मला हे काही दिवस पटलं. मग आठ महिन्यांचा, पस्तीसेक किलोचा काळ्या आनंदाच्या भरात आजीच्या अंगावर उडाला. आजी उंबऱ्यावर पडली. हाड मोडलं नाही, पण मनगट पंधरा दिवस सुजलेलं होतं. पॉमेरियन उड्या मारतो तेव्हा लोक व्हिडिओ काढतात. याच्या लाडाची किंमत दुसरं कुणीतरी आपल्या हाडाने मोजतं. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने २३ जातींच्या विक्री-पैदाशीवर बंदी आणायला राज्यांना सांगितलं, त्यात रॉटवायलर होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. पण आमच्या गल्लीचं परिपत्रक कोण रद्द करणार? तिथे एकच वाक्य होतं, "बांधून ठेवा."

न शिकलेल्या ताकदवान कुत्र्याला गावात साखळीच मिळते, दिवसरात्र. शिकला तर तो मोकळा फिरेल. म्हणजे आज्ञापालनातूनच त्याचं स्वातंत्र्य! हा युक्तिवाद मला इतका आवडला की मग त्याचाच संशय आला. हॉस्टेलचे रेक्टर रात्री नऊला गेट लावताना हेच म्हणायचे. प्रत्येक हुकूम देणारा हेच म्हणतो, तुमच्याच भल्यासाठी.

अण्णा माझा सराव ओट्यावरून बघायचे. त्यांनी आयुष्यभर गोऱ्हे औताला शिकवलेत. नव्या गोऱ्ह्याला एकट्याला जुंपत नाहीत, शेजारी जुना शहाणा बैल लागतो, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं. एका संध्याकाळी मी जमिनीवर भाकरी ठेवून "सोड" शिकवत होतो. काळ्याची लाळ गळत होती.

"नर्सी इथून किती लांब आहे रे?" अण्णांनी विचारलं.

आमच्या जिल्ह्यात वाढलेल्याला पुढचं सांगावं लागत नाही. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून.

"त्यांनी सोड नाही म्हटलं," अण्णा म्हणाले. "थांब म्हटलं."

थांब मीही म्हणतो. दिवसातून किती वेळा, ते मी दुसऱ्या दिवशी वहीत मोजलं. एकतीस. फाटकाबाहेर ट्रॅक्टर येत होता तेव्हाचं आणि आजी जिन्यावर होती तेव्हाचं, अशी दोनचार सोडली तर बाकी सगळी माझ्यासाठी होती. कॉलवर भुंकू नये म्हणून, पाहुण्यांना दाखवायचं म्हणून, कधी तर नुसतं ऐकतो का ते बघायचं म्हणून. माझ्या हातातल्या उकडलेल्या चिकनच्या तुकड्याला मी तुपाची वाटी समजत होतो. ती लाच होती. लाच वाईटच असते असं नाही, चापटीपेक्षा कितीतरी बरी. पण वाटी नव्हे.

त्यानंतर मी चारच आज्ञा ठेवल्या: ये, बस, थांब, सोड. आता उठून दाराशी गेला की आधी मीच उठतो, कॉलवर असलो तरी. पाहुण्यांपुढचा "शेकहँड" बंद. आजीजवळ तो आता बसूनच लाड करून घेतो. संध्याकाळी शेतात मोकळा फिरतो. गल्लीतली दोन घरं अजून दार लावून घेतात आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

पोत्यांचं प्रकरण मात्र आधीच्या सगळ्याहून जास्त चाललं. दोन महिने मी पहाटे पाचला त्याला कडुनिंबाखाली नेऊन त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचो. आता तो माझ्यासमोर करतो. तरी आठवड्यातून एकदा मी पोत्यांमागे वाकून वास घेऊन बघतो.