सात सेकंदांची मजुरी

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नववीतल्या एका मुलाने मोबाईलवर संगीत तयार करून आणले. ऐकून आम्ही खूश झालो. “तूच केलंस?” “जी सर, मैंनेच बनाया.” “मग हे ड्रम कोणी वाजवले?” मुलगा जरा गोंधळला. म्हणाला, “किसी ने नहीं सर. ॲप में रेडी मिलते.” त्याने यादी उघडून दाखवली. वापरलेल्या तुकड्याचे नाव होते ‘आमेन’. रोज नमाजात आमीन म्हणणाऱ्या माणसाची नजर त्या शब्दावर अडणारच. घरी येऊन आम्ही त्या नावाचा माग काढला, तेव्हा ‘किसी ने नहीं’ हे उत्तर किती खोटे आहे ते कळले.

यंत्रातून ड्रमचा आवाज काढण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, आवाज मुळापासून घडवण्याची. १९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ हे यंत्र आणले. त्यातला ठेका कोणा वादकाकडून वाजवून घेतलेला नव्हता. विजेच्या मंडलात कंप उठवायचा आणि तो विरू द्यायचा, की झाला मोठा ढोल. कंपात खरखर मिसळली, की झाला स्नेअर. १९८३ साली हे यंत्र बंद झाले, तोवर सुमारे १२,००० नग निघाले होते. पुढे तीच जुनी यंत्रे स्वस्तात घेऊन पोरांनी नवे संगीत उभे केले. असा आवाज कोणा वादकाचे देणे लागत नाही.

दुसरी वाट सँपलिंगची. म्हणजे आधीच वाजवलेल्या ध्वनिमुद्रणातला तुकडा उचलायचा आणि आपल्या गाण्यात बसवायचा. ‘आमेन’ हा तसाच तुकडा. १९६९ साली अमेरिकेतल्या ‘द विन्स्टन्स’ या बँडची एक तबकडी निघाली. एका बाजूला ‘कलर हिम फादर’ हे गाणे. ते गाजले. मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ ही वाद्यांची रचना. तिच्यात मध्येच बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो. चार आवर्तने, सुमारे ७ सेकंद.

ऐंशीच्या दशकात हिप-हॉपवाल्यांनी हे ७ सेकंद उचलले. नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या पोरांनी सँपलरमध्ये त्याचे ठोक्यागणिक तुकडे केले, क्रम बदलला, वेग वाढवला आणि ‘जंगल’ नावाचा संगीतप्रकारच घडवला. कारागिरी त्यांची, यात शंका नाही. पण कितीही चिरले तरी त्या ठोक्यात कोलमनचा हात राहतोच. खोलीचा घुमार, झांजेची सळसळ, किंचित उशिरा पडलेला टोला. हजारो गाण्यांत तो हात वाजला. त्याबद्दल कोलमनला छदामही मिळाला नाही. २००६ साली तो बेघर अवस्थेत वारला. बँडचे प्रमुख आणि हक्कधारक रिचर्ड स्पेन्सर यांना ही उचल कळली तीच १९९६ साली. २०१५ मध्ये दोन इंग्रज संगीतप्रेमींनी वर्गणी काढून त्यांना २४,००० पौंड दिले. तेव्हा कोलमनला जाऊन ९ वर्षे झाली होती.

हे वाचताना आम्हाला आमचे चाचा आठवले. ते एका कव्वाल पार्टीत ढोलक वाजवत. एका रात्रीत कॅसेट भरली गेली, चाचांना त्या रात्रीची बिदागी मिळाली. पुढे कित्येक वर्षे उरुसात, चहाच्या टपरीवर ती कॅसेट वाजत राहिली. वेष्टनावर कव्वालाचे नाव होते, कंपनीचे होते, ढोलकवाल्याचे नव्हते. घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी, ही शिकवण घराघरात आहे. पण जो घाम वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा गाळला जातो, त्याची मजुरी किती वेळा द्यायची?

मग उचलणे हेच पाप म्हणावे का? १९९१ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशांनी सँपलिंगच्या खटल्यात निकालाची सुरुवातच चोरीला मनाई करणाऱ्या धर्माज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि किंमत आली, आणि पुष्कळ तुकडे वापरण्याची कला पैसेवाल्यांनाच परवडू लागली. शिवाय ‘आमेन, ब्रदर’ ही रचना तरी कुठे आभाळातून पडली? तीही चर्चमधल्या जुन्या ‘आमेन’ गीतावर बेतलेली. कोणाचेच न घेता कोणी गायलेले नाही.

उर्दू शिकवताना आम्ही मुलांना दोन शब्द समजावून सांगतो, तज़मीन आणि सरक़ा. दुसऱ्या शायराचा मिसरा उघडपणे आपल्या रचनेत गुंफला, तर ती तज़मीन. तो मान समजला जातो. तोच मिसरा गुपचूप आपला म्हणून खपवला, तर सरक़ा, म्हणजे चोरी. तरही मुशायऱ्यात तर सगळेच शायर एका दिलेल्या मिसऱ्यावर ग़ज़ल बांधतात आणि कोणी कोणाला चोर म्हणत नाही. कारण मिसरा कुठून आला हे मैफलीला ठाऊक असते.

आम्हाला वाटते, सँपलिंगचा नैतिक प्रश्न इथेच सुटू लागतो. घेणे हा गुन्हा नाही, लपवणे हा आहे. पण वाचकहो, एवढ्यावर हात झटकता येणार नाहीत. मिसऱ्यावर सहसा कोणाची चूल पेटत नाही. गाणे बाजारात विकले जाते. म्हणून कमाई नसेल तिथे नाव पुरे, आणि कमाई झाली तर वाटा द्यायला हवा. कायद्याने हक्क कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न वेगळा. कायद्याने तर चाचांचाही काही हक्क नव्हता.

आम्ही त्या मुलाला संगीत बदलायला सांगितले नाही. निवेदनाच्या कागदावर एक ओळ वाढवायला सांगितली, ‘ड्रम : ग्रेगरी कोलमन, १९६९’. त्याने विचारले, “सर, वो तो मर गए ना? उनको क्या फायदा?” त्याला काही फायदा नाही, हे खरे. नाव घेतल्याने कर्ज फिटत नाही. पण कर्ज आहे, एवढे तरी चारचौघांत कबूल होते.