देणाऱ्याची भीती

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका तपासणी केंद्रातून रिपोर्ट घेऊन मी आणि धाकटा भाऊ बाहेर पडलो. माझं मूत्रपिंड त्याला चालणार होतं. त्याचे डोळे भरून आले, माझेही. पण कारणं वेगळी होती. बेळगावहून येताना गाडीत बसल्यापासून ‘जुळू नये’ असंच मी देवाला विनवत होते. हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

दधीचीने अस्थी दिल्या, शिबीने मांडीचं मांस दिलं. आदल्या रात्री त्यांना झोप लागली होती का, हे पुराणं सांगत नाहीत. म्हणून आपला समज होतो, की भिऊन दिलेलं दान कमअस्सल. माणसांचं पाहा. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनला रोनाल्ड हेरिकने जुळ्या भावाला, रिचर्डला, मूत्रपिंड दिलं. आदल्या रात्री रिचर्डनेच चिठ्ठी पाठवून त्याला घरी परत जायला सांगितलं. रोनाल्ड गेला नाही. जायला वाट होती, म्हणूनच त्याच्या थांबण्याला मोल.

मलाही डॉक्टरांनी एकटीला बसवून विचारलं, “नाही म्हणायचंय? म्हणा. घरी आम्ही ‘जमत नाही’ एवढंच सांगू.” १९९४ च्या कायद्यालाही दात्याची स्वखुशी लागते. पण आपल्याकडे जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकाच अधिक, आणि आईला, बायकोला, बहिणीला ‘नाही’ म्हणायची मुभा घरात कोण देतं? ती मुभा हाताशी ठेवून मी रात्र काढली. सकाळी ‘हो’ म्हटलं. भीती तशीच होती, पण ‘हो’ माझं होतं.

शस्त्रक्रियेनंतर सगळे त्याच्या खाटेभोवती. मी धडधाकट, म्हणून माझ्याकडे कोण बघणार? एका मूत्रपिंडावर माणूस नीट जगतो हे ठाऊक असूनही कूस दुखली की छातीत धस्स व्हायचं. त्याला गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत. एकदा तो विसरला, तेव्हा मी ओरडले, “माझं आहे ते!” तो मान खाली घालून बसला. देऊन टाकलेल्या गोष्टीवर मी अजून पहारा करत होते.

अंगातून काढून देणं डॉक्टरांनी केलं. मनातून काढून देणं माझं मलाच करायला हवं.

तेव्हापासून भाऊबीजेला तबकात काय घालावं, हे त्याला सुचत नाही. यंदा सांगणार आहे, “पूर्वी घालायचास तेच घाल.”