विषाचा पत्ता

वयाच्या ६८व्या वर्षी माझा डावा डोळा परस्पर लोकांना मारला जाऊ लागला. ‘परस्पर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मी होऊन आयुष्यात कुणाला डोळा मारलेला नाही. तरुणपणी धाडस नव्हतं आणि पुढची ३६ वर्षं टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करण्यात गेली.

पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो. घरातला वडीलधारा या नात्याने मी गंभीरपणे म्हणालो, “आम्हाला देण्याघेण्याचं काही नको.” आणि डोळा मिचकला. मुलीचे वडील दचकले. मी घाईघाईने म्हणालो, “अहो, खरंच काही नको!” या वेळी डोळ्याबरोबर गालही वर ओढला गेला. ते गृहस्थ आत जाऊन पत्नीशी बराच वेळ कुजबुजले. लग्न जमलं नाही. पुढच्याच आठवड्यात एका दुखवट्याच्या बैठकीला “फार सज्जन गृहस्थ होते हो” एवढंच बोललो, तर तेही घर तुटलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मेंदूपाशी एक रक्तवाहिनी चेहऱ्याच्या मज्जातंतूला टेकून त्याला डिवचते आहे. उपाय काय? तर विषाचं इंजेक्शन. बॉट्युलिनम. ज्ञात विषांतलं सर्वांत जहाल.

“विषच द्यायचं होतं तर चाळीस वर्षं स्वयंपाक मीच करत होते की,” आमची ही म्हणाली.

पण विष घ्यायचं तर त्याचं कूळ माहीत असावं म्हणून मी चौकशी केली. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीत खराब सॉसेज खाऊन माणसं मरत. लॅटिनमध्ये सॉसेजला ‘बॉट्युलस’ म्हणतात, त्यावरून हे नाव. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने त्याचा अभ्यास केला. हा डॉक्टर कवीही होता. त्यामुळे पदरचं काही चाखून पाहायला घाबरला नसावा. त्याने ते विष स्वतःवर आजमावलं आणि १८२२ साली लिहून ठेवलं, की अगदी थोड्या मात्रेत हे औषध म्हणून चालेल. ते खरं व्हायला दीडशे वर्षं लागली. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळे डोळे या विषाने सरळ करता येतात हे १९८०मध्ये जाहीर केलं. १९८९ साली अमेरिकन सरकारने त्याला औषध म्हणून मान्यता दिली.

“हे विष करतं तरी काय?” मी डॉक्टरांना विचारलं.

“तुम्ही टपालखात्यातले, तुम्हाला लगेच कळेल,” डॉक्टर म्हणाले. मज्जातंतूच्या टोकाशी इवल्या इवल्या थैल्या असतात. थैलीत स्नायूसाठी निरोप. थैली भिंतीशी येते, थैलीवरची आणि भिंतीवरची प्रथिनं दोरीसारखा एकमेकींना पीळ घालतात, थैली भिंतीला चिकटते, फुटते आणि निरोप पलीकडे पडतो. शरीरातली ही थैल्यांची ने-आण कशी चालते ते उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन आणि स्यूडहोफ या तिघांना २०१३चं नोबेल मिळालं. विष ही नुसती कात्री. ते दोरी कापतं. थैली भिंतीपाशी ताटकळते, निरोप पोचत नाही, स्नायू ढिला पडतो. सगळ्या अंगात असं झालं तर श्वास थांबतो. डोळ्याभोवती चार थेंब टोचले तर डोळा गप्प बसतो. बाटलीतलं विष नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शांत मोजायचं.

मग डॉक्टर सहज म्हणाले, “धनुर्वाताचं विष याचंच भावंडं. बॉट्युलिनमची ‘बी’ नावाची एक जात आणि धनुर्वात, दोघं तीच दोरी नेमकी त्याच जागी कापतात. १९९२ साली सापडलं हे. तुम्हाला देतोय ती ‘ए’ जात, ती शेजारची दोरी कापते.”

“मग धनुर्वातात माणूस ताठ का होतो?”

“पत्ता वेगळा. ते विष मज्जारज्जूपर्यंत चढतं. तिथे ‘आता पुरे, सैल हो’ असा निरोप धाडणाऱ्या थैल्या असतात, त्या ते अडवतं. मग स्नायू आवळतच राहतात.”

मी काही बोललो नाही. माझा धाकटा भाऊ आठव्या दिवशी धनुर्वाताने गेला. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. सुइणीने विळ्याने नाळ कापली होती. विळ्याला माती असणार, मातीत जंतू. आईने त्या बाईचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. दोनेक वर्षांनी ती पेरूंची टोपली घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा आईने मला नुसती खूण केली. दार मी लावलं.

आणि मला जगात आणणारी सुईणही तीच होती. विळाही बहुधा तोच.

आयुष्यभर मी पत्रांसारखीच माणसंही खणांत टाकत आलो. हा चांगला, तो वाईट. आता हीच कात्री एका पत्त्यावर पाळण्यातलं मूल नेते आणि दुसऱ्या पत्त्यावर म्हाताऱ्याची अब्रू राखते. म्हटल्यावर ती कुठल्या खणात टाकायची? कात्रीला दोष नाही, हे पटतं. पण सुईण म्हणजे काही कात्री नव्हे. तिला हात होते, डोळे होते. विळा उकळला असता तर भाऊ आज माझ्याशी वाटणीवरून भांडत असता. तो उकळायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, हेही तितकंच खरं. आणि आठ वर्षांच्या मुलाने लावलेलं दार कुणाच्या खाती मांडायचं?

इंजेक्शन छान लागू पडलं. डावीकडच्या सुरकुत्याही गेल्या. “अर्धे तरुण दिसता,” ही म्हणते. पण औषधाचा गुण तीनेक महिनेच टिकतो. चांगुलपणाचंही बहुधा असंच असावं, मुदत संपली की पुन्हा टोचून घ्यायचा.

परवा नातीला ही सारी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “आजोबा, मग ती सुईण वाईट होती का?”

“छे गं,” मी म्हणालो. “तिचा काहीच दोष नव्हता.”

तीन महिने भरत आले होते. डोळा मिचकला.