काही लागलं तर सांगा

सातारा जिल्ह्यात एक गाव होतं. तिथे घरटी एक तरी माणूस फौजेत. गावाला त्याचा मोठा अभिमान. जवान सुट्टीवर आला की पारावर चहा ठरलेला, आणि निवृत्त होऊन आला की उघड्या जीपमधून मिरवणूक, हलगी, गुलाल.

त्या गावचा एक हवालदार मराठा लाइट इन्फंट्रीत होता. पोस्टिंग पुण्यात होतं तोवर बायको आणि आठ वर्षांचा मुलगा त्याच्याजवळ क्वार्टरमध्ये राहत. मुलगा स्वमग्न होता. बोलायचा थोडं, पण सैनिकांच्या विशेष मुलांसाठी असलेल्या आशा स्कूलमध्ये जाऊन बराच सावरला होता. तिथल्या बाई रोज सकाळी त्याला चित्रांची पट्टी दाखवत. आधी गाडी, मग शाळा, मग डबा, मग घर. पुढे काय होणार ते कळलं की पोरगं शांत असे.

मग पलटण लडाखला निघाली. फील्डमध्ये कुटुंब नेता येत नाही. काळ्या ट्रंका भरल्या आणि मायलेक गावी आले. पट्टीवरचं एकही चित्र आता जुळेना. ती गाडी नाही, ती शाळा नाही, त्या बाई नाहीत. मुलगा रात्र रात्र जागू लागला. शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी कान दाबून कोपऱ्यात बसू लागला.

गाव काही वाईट नव्हतं. सरपंच दारावरून जाताना म्हणत, "वहिनी, काही लागलं तर सांगा." दूधवाला म्हणे, सोसायटीचे सचिव म्हणत, शाळेच्या बाई म्हणत. ती मान डोलावे आणि म्हणे, "सांगते." सहा महिन्यांत तिनं कुणालाही काही सांगितलं नाही. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे, तिचं तिला निभतंय.

26 जानेवारीला ग्रामपंचायतीनं जवानांच्या बायकांचा सत्कार ठरवला. सगळ्या आल्या, हवालदारीणबाई आल्या नाहीत. दोघीतिघी कुजबुजल्या, "भलताच ताठा!" समारंभ आटोपल्यावर निवृत्त सुभेदार आबा शाल आणि नारळ घेऊन तिच्या घरी गेले.

दार उघडंच होतं. तव्यावर भाकरी करपत होती. पोरानं घरातल्या सगळ्या वाट्या उंबऱ्यापासून चुलीपर्यंत एका ओळीत मांडल्या होत्या, आणि आई मांडीवर कागदांची पिशवी घेऊन भिंतीला टेकून बसली होती. बाहेर बँड वाजत होता तोवर तिला मुलाला सोडून उठताच आलं नव्हतं.

आबा वाट्यांची ओळ न मोडता कडेकडेनं आत आले. भाकरी उलटली. म्हणाले, "पोरी, हे कागद कसले?"

"दिव्यांग प्रमाणपत्राचे. पुण्यात अर्ध्यावर राहिलं. सिव्हिल हॉस्पिटलला दोनदा गेले. रांगेत हा थांबत नाही. गर्दी बघितली की ओरडतो. लोक बघतात. परत आले."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आबा, सांगायचं म्हणजे आधी ठरवायचं, कुणाला सांगू, किती सांगू, त्याला वेळ असेल का, तो नाही म्हणाला तर. रात्री अकराला हा झोपतो. त्यानंतर एवढा विचार करायला माझ्यात जीव उरत नाही."

आबांनी शाल खुंटीला अडकवली. "सोमवारी सकाळी मी रांगेत उभा राहतो. नंबर जवळ आला की फोन करतो. तोवर तुम्ही दोघं आवाराबाहेर गाडीत बसा. गाडी माझ्या पुतण्याची. साडेआठला दारात येईल." एवढं बोलून ते उठले. ती नको म्हणाली नाही, कारण आबांनी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी पारावर आबा म्हणाले, "फौजेत एक टोळी पुढे सरकते तेव्हा दुसरी कव्हरिंग फायर देते. मागचा ओरडून विचारत नाही, 'काही लागलं तर सांग रे!' त्याला त्याची जागा आणि वेळ नेमून दिलेली असते. हवालदार पुढे आहे. मागे आपण. बोला, कोण काय घेणार?"

सुरुवातीला सगळे गप्प. मग शाळेच्या बाई म्हणाल्या, "मंगळवार आणि शुक्रवार, चार ते पाच, मी त्याच्याजवळ बसते. तिला रानात जायचं तर जाऊ दे, झोपायचं तर झोपू दे." सलूनवाले तात्या म्हणाले, "केस मी घरी येऊन कापतो." पण मशिनचा आवाज पोराला सोसेना. तात्यांनी मशिन पिशवीत टाकलं. पहिल्या खेपेला नुसता कंगवा दाखवला, पुढच्या खेपेला कात्री त्याच्या हातात दिली, त्यानंतर दोन बटा कापल्या. लग्नाच्या वराती त्या आळीच्या तोंडाशी आल्या की पोरं बँड थांबवू लागली.

प्रमाणपत्र झालं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता धरलेली असल्यानं त्यात अडचण आली नाही, अडचण फक्त रांगेची होती. मग आबा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन पुढचं विचारून आले. निरामय योजनेतून वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत उपचारांचा विमा मिळतो. मुलाचं अपंगत्व बापाच्या सेवा-कागदांत वेळेवर नोंदलेलं असलं, तर स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या मुलाला आई-वडिलांच्या मागे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळवताना खेटे कमी पडतात. आणि जिथे विशेष शाळा आणि उपचार आहेत अशा ठाण्यावर बदली मागता येते. हवालदारानं पलटणीच्या ऑफिसात अर्ज दिला.

एकदा मात्र घोटाळा झाला. बाईंना तालुक्याला मीटिंग लागली आणि निरोप द्यायचं राहिलं. चार वाजता पोरगं दारात उभं राहिलं ते सात वाजेपर्यंत हललं नाही. रात्री जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी रिकाम्या खुर्चीच्या चार चित्रांचा एक संच केला. ज्या दिवशी येणं जमणार नसे त्या दिवशी सकाळीच त्यातलं एक चित्र त्याच्या हाती पोचवू लागल्या. न येणंही आधी कळलं, तर त्याला चालत होतं.

वर्षानं बदली मंजूर झाली. पुन्हा ट्रंका निघाल्या. जाताना बाईंनी आईच्या हाती एक दोनशेपानी वही ठेवली. पोराला कोणता आवाज सोसत नाही, केस कसे कापावेत, झोप कशानं येते, बिथरला तर कुणी काय करू नये, सगळं त्यात लिहिलेलं. पुढच्या शाळेला पहिल्यापासून सुरुवात करावी लागू नये म्हणून. पोरगं बरं झालं नव्हतं, व्हायचंही नव्हतं. पण ट्रंका भरताना या वेळी तो आईला वाट्या आणून देत होता, एकेक, ओळीनं.

तेव्हापासून त्या गावात सत्कार होतात, शालही देतात. पण कुणा जवानाचं कुटुंब गावी राहायला आलं की "काही लागलं तर सांगा" असं कुणी म्हणत नाही. "बुधवारी दळण मी आणतो" असं म्हणतात आणि बुधवारी आणतात.

तात्पर्य : ज्याच्या डोक्यावर आधीच ओझं आहे, त्याला मदत मागण्याचं ओझं आणखी देऊ नये. आपण काय करणार आणि कधी करणार ते आपणच सांगावं, आणि सांगितलेल्या वेळी हजर राहावं.