तपासणाऱ्याची तपासणी

दिल्लीतला कोपर्निकस मार्ग मराठी माणसाला माहीत असतो तो तिथल्या जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. मंडी हाउसकडून इंडिया गेटकडे जाणाऱ्या या रस्त्याला ज्याचे नाव दिले आहे, तो खगोलवेत्ता १९ फेब्रुवारी १४७३ रोजी जन्मला. शिवजयंतीची तारीखही १९ फेब्रुवारीच. हा योग साधून तिथे जवळच राहणाऱ्या एका आजोबांनी ठरवले, की यंदा जयंतीच्या संध्याकाळी गच्चीवर आसपासच्या मुलांना दुर्बिणीतून आकाश दाखवायचे.

दुर्बीण घरचीच होती. १९४४ पासून पुण्यात काम करणाऱ्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत तरुणपणी आजोबांना आकाशदर्शनाचा नाद लागला आणि त्या नादापायी काचेवर काच घासून त्यांनी सहा इंची आरसा स्वतः बनवला. आता ती दुर्बीण माळ्यावरून खाली आली. इतक्या वर्षांच्या हलवाहलवीत तिचे आरसे जागचे सरकले होते. ते जुळवायचे काम इंजिनिअरिंगला असलेल्या नातवाने अंगावर घेतले.

त्याने ऑनलाइन लेझर मागवला. आदल्या संध्याकाळी तो नेत्रिकेच्या जागी बसवून त्याने आधी लहान आरशाचे स्क्रू फिरवले. लाल ठिपका मुख्य आरशाच्या मध्यावर चिकटवलेल्या कागदी कड्यात आला. मग मुख्य आरशामागचे स्क्रू फिरवले, तसा किरण उलटून लेझरच्या छिद्रात परतला. "जुळलं!" म्हणत त्याने दुर्बीण ध्रुवाकडे वळवली, कारण ध्रुव जागचा हलत नाही. पण नेत्रिकेत दिसला तो ठिपका नव्हे. एका बाजूला शेपूट फुटलेला, फिसकटलेला तारा.

नातू निराश झाला. "आजोबा, रागावू नका, पण तुमचा आरसाच नीट घासला गेला नसावा. लेझर तर बरोबर दाखवतोय."

आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "तो लेझर आहे तिथेच गोल फिरव आणि ठिपका कुठे जातो ते बघ."

नातवाने लेझर सावकाश फिरवला. ठिपका स्थिर राहायला हवा होता. त्याने आरशावर पाच-सहा सेंटिमीटरचे वर्तुळ काढले. किरण आपल्याच नळीत तिरका बसला होता. त्या तिरक्या किरणाबरहुकूम नातवाने दोन्ही आरसे तिरके केले होते.

"किराणा दुकानातल्या वजनावरसुद्धा तपासणीचा शिक्का असतो," आजोबा म्हणाले. "याच्यावरचा शिक्का तू पाहिला नाहीस."

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी प्लास्टिकची डबी काढली. तिचे बूड कापलेले, झाकणाच्या बरोबर मध्ये बारीक भोक. ती नेत्रिकेच्या जागी बसवून नातवाने भोकाला डोळा लावला. आधी लहान आरसा नळीच्या मध्यावर आणला. मग मुख्य आरशाच्या तिन्ही पकडी सारख्या दिसेपर्यंत लहान आरशाचा कल बदलला. शेवटी भोकाचे प्रतिबिंब कागदी कड्याच्या आत येईपर्यंत मुख्य आरसा हलवला.

"मग लेझर टाकून द्यायचा?" नातवाने विचारले.

"छे! अंधारात डबीतून काही दिसत नाही, तिथे लेझरच कामाला येतो. आधी त्याला सरळ कर." फळीवर चार खिळे ठोकून त्यांनी लेझरला बैठक केली. समोरच्या भिंतीवरचा ठिपका लेझर फिरवूनही जागचा हलेनासा होईपर्यंत नातवाने त्याचे बारीक स्क्रू पिळले.

काम करता करता आजोबांनी हबलची गोष्ट सांगितली. १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या त्या दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा चुकीच्या आकाराला घासला गेला होता. तपासणीच्या मुख्य उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. इतर दोन उपकरणांनी खोट दाखवली होती. पण ती कमी अचूक म्हणून त्यांचे कोणी ऐकले नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना जाऊन ती चूक निस्तरावी लागली.

"आणि ज्याच्या नावाच्या रस्त्याजवळ आपण राहतो, त्याचं उपकरण काय होतं? लाकडी पट्ट्या आणि त्यांवर शाईने आखलेल्या खुणा. मोजणी दहा कलांपर्यंत बरोबर आली तरी तो आनंदाने नाचणार होता. पूर्ण चंद्राच्या रुंदीचा हा तिसरा हिस्सा. आपल्या साधनाची पोच त्याला ठाऊक होती."

त्या संध्याकाळी ध्रुव टाचणीच्या टोकाएवढा दिसला. नेत्रिका किंचित मागे घेतली, तर त्याभोवती एकात एक समकेंद्री कडी उमटली. आरसा निर्दोष होता. मृगातल्या तेजोमेघाच्या पोटातले चार तारे मुलांनी वेगवेगळे मोजले.

दुर्बीण घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट असेल, तर प्रतिमेच्या केंद्रातला निर्दोष भाग सुमारे ११ मिलिमीटर रुंद असतो आणि भोकाची डबी पुरते. पाचपट असेल तर तो जेमतेम पावणेतीन मिलिमीटर उरतो. तिथे अधिक नेमके साधन घ्या. साधन कोणतेही असो, शेवटचा कौल ताऱ्याचा घ्या.

तात्पर्य: जे साधन दुसऱ्याचा न्याय करते, त्याची आधी परीक्षा घ्या, आणि एकाच साधनाच्या साक्षीवर कोणाच्या आयुष्यभराच्या कष्टांना खोटे ठरवू नका.