एका वर्षाचं अध्यक्षपद आणि फलत्याग

रोटरीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला अध्यक्षपद दुसऱ्याकडे जातं. भिलाईतल्या सेक्टर 2 सारख्या, पोलाद कारखान्यासाठी देशभरातून आलेल्या माणसांच्या वसाहतीत असं वर्ष सांभाळणाऱ्याने फळाची आशा सोडावी का? मला वाटतं, सोडावी. मात्र फलत्याग म्हणजे परिणामाबद्दल बेफिकिरी नव्हे. टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त संन्यासाऐवजी कर्मयोगाचीच बाजू घेतली. रक्तदान शिबिराचं बघा: 350 मिलिलिटरची पिशवी, तिच्यावर रक्तगट आणि मुदतीची तारीख; दात्याचं नाव रुग्णाला कळत नाही. श्रेय सुटलं तरी पिशवी वेळेत रक्तपेढीत पोचवायची जबाबदारी राहतेच.

कुणी म्हणेल, मग फलकावर अध्यक्षांचं नाव कशाला? मिरवण्याचा मोह या पदाला चिकटलेलाच असतो, हे खरं आहे. पण वर्गणी देणाऱ्याला हिशेब विचारायलाही कुणाचं तरी नाव लागतं. दुसरा आक्षेप जास्त बोचतो: वर्षभरात काय उभं राहणार? पावसाळ्यात लावलेलं रोप मे महिन्याच्या उन्हात जगवावं लागतं, आणि ते सावली धरेपर्यंत कित्येक अध्यक्ष बदलतात. म्हणून पाणी घालण्याच्या पाळ्या, रोपांची यादी आणि शिल्लक पैसे पुढच्या माणसाच्या हाती नीट सोपवणं हे मला रोप लावण्याइतकंच धर्माचं काम वाटतं.